दोन मतांची निवडणूक आणि निकाल देण्याचा अधिकार

५ नोव्हेंबर १९७४ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील सुमारे सव्वादोन लाख मतदारांनी अमेरिकेच्या सिनेटसाठी एक सदस्य निवडण्याकरिता मतदान केले. तो सदस्य प्रत्यक्षात सिनेटमध्ये जाऊन बसला १८ सप्टेंबर १९७५ रोजी. मधल्या साडेदहा महिन्यांत मतांची मोजणी तीन वेळा झाली आणि विजेता दोनदा बदलला. राज्याच्या गव्हर्नरने आधी एका उमेदवाराला आणि नंतर दुसऱ्याला विजयाचे प्रमाणपत्र दिले. वादग्रस्त मतपत्रिका वॉशिंग्टनला नेण्यात आल्या आणि जगातील एका बलाढ्य विधिमंडळाने अनेक आठवडे त्या कागदांवरील फुल्यांचा अर्थ लावण्यात घालवले. त्यातूनही निकाल निघाला नाही. अखेरच्या अधिकृत मोजणीत दोन उमेदवारांमधील अंतर होते केवळ दोन मतांचे. सिनेटच्या थेट निवडणुकांच्या इतिहासात इतकी अटीतटीची लढत दुसरी झालेली नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि येथील नागरिकत्व घेऊन मतदान करू लागलेल्या मराठी माणसाला या कहाणीतील एक गोष्ट हमखास बुचकळ्यात टाकते. भारतात निवडणुकीचा वाद थेट न्यायालयात जातो, हे त्याला ठाऊक असते. अमेरिकेत सिनेटच्या जागेचा वाद अखेर सिनेटकडेच जातो. ज्या सभागृहात बसायचे, तेच सभागृह कोणाला बसू द्यायचे हे ठरवते. म्हणजे ज्यांना एक सहकारी वाढणार किंवा एक विरोधक वाढणार, तेच न्यायाधीश. ही व्यवस्था कशी आली आणि ती कसोटीच्या वेळी कशी चालते, हे समजून घ्यायला न्यू हॅम्पशायरइतके बोलके उदाहरण नाही.

वॉटरगेटच्या सावलीतील मतदान

न्यू हॅम्पशायर हे न्यू इंग्लंडमधील छोटे राज्य. १९७०च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या साडेसात लाखांच्याही आत होती. राज्याचा कल परंपरेने रिपब्लिकन पक्षाकडे. ज्येष्ठ रिपब्लिकन सिनेटर नॉरिस कॉटन यांनी १९७४मध्ये निवृत्त होण्याचे ठरवले, तेव्हा त्यांची जागा लुई वायमन यांच्याकडे जाणार, याविषयी फारशी शंका कोणाला नव्हती. सत्तावन्न वर्षांचे वायमन राज्याचे माजी ॲटर्नी जनरल होते. पन्नासच्या दशकात कम्युनिस्टांच्या शोधमोहिमेमुळे त्यांचे नाव देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गाजले होते आणि त्यानंतर ते अनेक वर्षे प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. त्यांच्यासमोर उभे होते डेमोक्रॅटिक पक्षाचे अडतीस वर्षांचे वकील जॉन डर्किन. राज्याचे विमा आयुक्त म्हणून ते काही काळ लोकांना माहीत झाले होते. त्यापलीकडे राजकीय भांडवल बेताचेच.

परंतु ते वर्ष नेहमीचे नव्हते. ऑगस्टमध्ये रिचर्ड निक्सन यांनी वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्षपद सोडले होते आणि ८ सप्टेंबरला जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना माफी दिली होती. रिपब्लिकन पक्षावरचा रोष देशभर मतपेटीत उतरला. जेथे पूर्वी सहज विजय मिळत असे, तेथे उमेदवार मतामतासाठी झगडू लागले. त्याच दिवशी नेवाडात पॉल लॅक्सॉल्ट यांनी हॅरी रीड यांचा सातशेपेक्षाही कमी मतांनी पराभव केला आणि नॉर्थ डकोटातील सिनेटची जागा दोनशेपेक्षाही कमी मतांनी ठरली. न्यू हॅम्पशायरमध्ये पहिल्या मोजणीनंतर वायमन ३५५ मतांनी पुढे होते.

डर्किन यांनी फेरमोजणी मागितली. राजधानी काँकर्ड येथे राज्यभरातून आलेल्या कागदी मतपत्रिका पुन्हा मोजण्यात आल्या आणि पारडे उलटले. आता डर्किन दहा मतांनी पुढे होते. गव्हर्नर मेल्ड्रिम थॉमसन स्वतः कडवे रिपब्लिकन. तरीही त्यांनी डर्किन यांना तात्पुरते प्रमाणपत्र दिले. मग वायमन राज्याच्या मतपत्रिका आयोगाकडे गेले. वादग्रस्त मतपत्रिकांची ग्राह्यता ठरवणारा हा राज्यस्तरीय आयोग. त्याने आक्षेप घेतलेल्या मतपत्रिका पुन्हा तपासल्या आणि निकाल जाहीर केला: वायमन १,१०,९२६, डर्किन १,१०,९२४. गव्हर्नरांनी डर्किन यांचे प्रमाणपत्र रद्द करून ते वायमन यांना दिले. तिसऱ्या, छोट्या पक्षाच्या उमेदवाराला तेराशेहून अधिक मते मिळाली होती, हे येथे लक्षात ठेवायला हवे. त्याला मत देणाऱ्यांपैकी तिघांनी विचार बदलून डर्किन यांच्या नावापुढे फुली केली असती, तर हा लेख लिहायचे कारणच उरले नसते.

दरम्यान आणखी एक चाल खेळली गेली. निवृत्त होणारे कॉटन यांनी ३१ डिसेंबर १९७४ रोजी, मुदत संपायला तीन दिवस असताना, राजीनामा दिला आणि गव्हर्नरांनी त्या तीन दिवसांसाठी वायमन यांची नेमणूक केली. सिनेटमध्ये सर्व काही ज्येष्ठतेवर चालते. समित्यांतील स्थान, कार्यालयाची खोली, इतकेच काय पण बोलण्याचा क्रमसुद्धा. त्यामुळे नव्या सदस्यांच्या आधी दोन-तीन दिवस शपथ घेतली, तरी तो फायदा वर्षानुवर्षे पुरतो. ही प्रथा जुनी आणि दोन्ही पक्षांना मान्य असलेली होती. वायमन यांच्या बाबतीत तिचा उपयोग एवढाच झाला की त्यांच्या नावापुढे ‘सिनेटर’ हे बिरूद तीन दिवस लागले.

फुलीचा अर्थ

मोजणी तीनदा झाली आणि तिन्ही वेळा आकडे वेगळे आले, याचा अर्थ कोणी लबाडी केली असा होत नाही. या प्रकरणात मतपेट्या पळवल्याचा किंवा मृतांच्या नावे मतदान झाल्याचा गवगवा नव्हता. अडचण अधिक साधी आणि म्हणूनच अधिक अवघड होती: मतदाराने कागदावर काय केले, याचा अर्थ दोन प्रामाणिक माणसे दोन प्रकारे लावू शकत होती.

त्या काळच्या मतपत्रिकेवर प्रत्येक पक्षाचा एक उभा रकाना असे. रकान्याच्या माथ्यावर एक वर्तुळ आणि खाली त्या पक्षाच्या एकेका पदाच्या उमेदवाराचे नाव व त्यापुढे चौकट. वर्तुळात फुली केली, तर पक्षाच्या सर्वच उमेदवारांना मत गेले असे धरले जाई. स्वतंत्रपणे निवड करायची असेल, तर वर्तुळ सोडून एकेका चौकटीत फुली करायची. हे दोन मार्ग वेगळे ठेवले, तर गोंधळ नव्हता. परंतु मतदार नियमपुस्तिका वाचून मतदानकक्षात जात नाही. काहींनी वरच्या वर्तुळात फुली केली आणि शिवाय खाली प्रत्येक उमेदवारापुढेही फुल्या केल्या. फक्त एका नावापुढची चौकट कोरी ठेवली. ते नाव होते वायमन.

अशा मतदाराला काय म्हणायचे होते? नियमाकडे पाहिले, तर वर्तुळातील फुली सर्व उमेदवारांना लागू. म्हणजे वायमन यांनाही मत. मनुष्यस्वभावाकडे पाहिले, तर ज्याने कष्ट घेऊन सगळ्यांपुढे फुल्या केल्या आणि एकालाच वगळले, त्याला तो एकच नको होता. दोन्ही युक्तिवाद भक्कम आहेत, आणि दोन मतांच्या फरकात अशा मूठभर मतपत्रिका निकाल इकडचा तिकडे करू शकतात. याखेरीज चौकटीबाहेर गेलेली फुली, अर्धवट खोडलेली खूण, दोन नावांच्या मधोमध पडलेली रेघ असे नेहमीचे नमुने होतेच. दोन मतांचे अंतर म्हणजे लाखामागे एक मतही नव्हे. हाताने केलेल्या कोणत्याही मोजणीत याहून मोठी चूक सहज होते. मोजणीचे साधन जितके बारीक मोजू शकते, त्याहून अंतर बारीक असले, की चौथ्यांदा मोजल्यास चौथा आकडा मिळतो, निकाल नाही.

राज्याची यंत्रणा येथपर्यंतच जाऊ शकत होती. पुढचा दरवाजा वॉशिंग्टनमध्ये होता.

सभागृह हेच न्यायासन

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाचे पाचवे कलम सांगते की सदस्यांची निवडणूक, तिचा निकाल आणि सदस्यांची पात्रता यांचा निवाडा प्रत्येक सभागृह स्वतः करील. निवडणूक घेणे, मते मोजणे आणि प्रमाणपत्र देणे ही राज्याची कामे. ते प्रमाणपत्र स्वीकारायचे की नाही, हा सभागृहाचा अधिकार. भारताच्या निवडणूक आयोगासारखी सर्व देशाची निवडणूक चालवणारी संस्था येथे तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. १९७४च्या कायद्याने स्थापन झालेला संघीय निवडणूक आयोग केवळ प्रचारातील पैशावर लक्ष ठेवतो. सर्वोच्च न्यायालयाने इंडियानातील सिनेटच्या एका लढतीविषयी १९७२मध्ये दिलेल्या निकालात राज्याला फेरमोजणीचा अधिकार आहे असे म्हटले. मात्र अंतिम निवाडा सिनेटचाच, हेही त्याच निकालात अधोरेखित झाले.

या तरतुदीचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. राजाच्या दरबाराने किंवा त्याच्या न्यायाधीशांनी आपले सदस्य ठरवू नयेत, यासाठी हाउस ऑफ कॉमन्सने दीर्घ संघर्ष करून हा अधिकार स्वतःकडे घेतला होता. त्या काळी न्यायाधीश राजाचे. म्हणून लोकप्रतिनिधींचा वाद लोकप्रतिनिधींनीच सोडवणे स्वातंत्र्याचे रक्षण करणारे होते. पुढे बहुमताच्या जोरावर विरोधकांच्या जागा हिसकावण्यासाठी त्याच अधिकाराचा वापर होऊ लागला. ब्रिटनने १७७०मध्ये ग्रेनव्हिल यांच्या कायद्याने हे काम सभागृहाकडून काढून समितीकडे दिले आणि १८६८मध्ये ते न्यायाधीशांच्या हाती सोपवले. अमेरिकेची घटना लिहिली गेली १७८७मध्ये. तिने जुने रूप घेतले आणि तेच गोठले. भारताची घटना १९५०ची. तिने नवे रूप घेतले. अनुच्छेद ३२९ नुसार निवडणुकीला आव्हान फक्त निवडणूक याचिकेद्वारे देता येते. आधी ती याचिका न्यायाधिकरणापुढे जाई आणि १९६६च्या दुरुस्तीनंतर थेट उच्च न्यायालयापुढे जाऊ लागली. दोन्ही देशांनी एकाच इंग्रजी झाडाची कलमे लावली, पण वेगवेगळ्या ऋतूंत.

जानेवारी १९७५मध्ये नवे सिनेट भरले, तेव्हा न्यू हॅम्पशायरची एक खुर्ची रिकामी होती. वायमन यांच्याकडे राज्याचे प्रमाणपत्र होते आणि डर्किन यांच्याकडे त्या प्रमाणपत्राविरुद्धचा अर्ज. बहुमतातील डेमोक्रॅटांचे नेते माइक मॅन्सफिल्ड यांनी प्रकरण नियम समितीकडे पाठवले. समितीत पाच डेमोक्रॅट आणि तीन रिपब्लिकन होते. चौकशी पूर्ण होईपर्यंत वायमन यांना तात्पुरते बसू द्यावे, असा प्रस्ताव आला. पक्षाप्रमाणे मते पडली असती, तर तो पाच विरुद्ध तीन असा फेटाळला गेला असता. परंतु अलाबामाचे डेमोक्रॅट जेम्स ॲलन यांनी, प्रमाणपत्र वैध दिसते तर त्याचा मान राखला पाहिजे, असे म्हणत रिपब्लिकनांना साथ दिली. मते पडली चार विरुद्ध चार. कोंडी झाली. पुढचे सात महिने समितीचा आणि सभागृहाचा सूर तोच राहिला.

समितीचे अध्यक्ष होते नेवाडाचे हॉवर्ड कॅनन. योगायोगाची मौज अशी की कॅनन स्वतः १९६४मध्ये शंभरपेक्षा कमी मतांच्या फरकाने निवडून आले होते, आणि त्यांनी हरवलेले उमेदवार होते तेच पॉल लॅक्सॉल्ट, जे आता १९७४मध्ये त्यांचे सहकारी म्हणून सिनेटमध्ये दाखल झाले होते. थोडक्या मतांची किंमत या माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांच्या समितीने तज्ज्ञांचे एक पथक नेमले आणि वॉशिंग्टनला आणलेल्या सुमारे ३,५०० शंकास्पद मतपत्रिका एकेक करून तपासून घेतल्या. बहुतेकींबाबत एकमत झाले. उरले ते पस्तीस मुद्दे. त्यांवर समितीचा निर्णय होईना, तेव्हा ते पस्तीसही मुद्दे सभागृहापुढे ठेवण्यात आले.

१२ जून

सिनेटमध्ये ही चर्चा सुरू झाली १२ जून १९७५ रोजी. भारतीय वाचकाला ही तारीख वेगळ्या कारणाने आठवेल. त्याच दिवशी अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी राज नारायण यांच्या याचिकेवर निर्णय देताना पंतप्रधान इंदिरा गांधी यांची १९७१ची रायबरेलीतील निवडणूक रद्द ठरवली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो निव्वळ योगायोग होता. तरीही त्या दोन चित्रांना शेजारी ठेवून पाहण्याचा मोह आवरत नाही. एकीकडे एकटा न्यायाधीश देशाच्या पंतप्रधानांचे सदस्यत्व काढून घेत होता आणि दुसरीकडे नव्व्याण्णव सिनेटर एका छोट्या राज्याची एक खुर्ची भरू शकत नव्हते.

डेमोक्रॅटांचे संख्याबळ साठच्या घरात होते. साध्या बहुमताने निर्णय होणार असता, तर डर्किन जूनमध्येच सिनेटर झाले असते. परंतु सिनेटमध्ये कोणीही सदस्य वाटेल तितका वेळ बोलू शकतो आणि चर्चा थांबवल्याशिवाय मतदान होत नाही. ‘फिलिबस्टर’ या नावाने प्रसिद्ध असलेले हे अस्त्र रिपब्लिकनांनी उपसले. त्याच वर्षी मार्चमध्ये सिनेटने चर्चा थांबवण्याचा नियम सौम्य केला होता: उपस्थितांच्या दोन तृतीयांश मतांऐवजी आता एकूण सदस्यांच्या तीन पंचमांश, म्हणजे साठ मते पुरेशी होती. आज ज्या साठ मतांच्या उंबरठ्याविषयी अमेरिकी वृत्तवाहिन्या रोज बोलतात, तो तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचा होता. डेमोक्रॅटांनी सहा वेळा चर्चा थांबवण्याचा प्रयत्न केला आणि सहाही वेळा तो फसला. ॲलन यांच्यासारखे दक्षिणेतील काही डेमोक्रॅट पक्षाबरोबर यायला तयार नव्हते. सहा आठवड्यांत पस्तीसपैकी फक्त एका मुद्द्याचा निकाल लागला.

पक्षनिष्ठेपोटी हे चालले होते, असे म्हणणे सोपे आहे आणि बऱ्याच अंशी खरेही. तथापि रिपब्लिकनांच्या मागणीत एक तर्कशुद्ध गाभा होता. मतपत्रिका इतक्या वेळा हाताळल्या गेल्यावर आणि अर्थ लावण्यावर प्रामाणिक मतभेद असताना, बहुमताने एखाद्याला विजयी ठरवणे म्हणजे मतदारांच्या जागी स्वतः मतदान करणे होय; म्हणून निवडणूक पुन्हा घ्या. डेमोक्रॅटांचे उत्तरही पोकळ नव्हते. घटनेने निवाडा करण्याचे कर्तव्य सिनेटवर टाकले आहे. अवघड वाटले म्हणून न्यायाधीश खटला सोडून उठत नाही. शिवाय नव्या निवडणुकीत वेगळे लोक, वेगळ्या परिस्थितीत मत देतील. नोव्हेंबरमध्ये कोण जिंकले, या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. तत्त्व म्हणून पाहिले, तर ही दुसरी बाजू अधिक बळकट वाटते. पण ज्या न्यायासनावरील प्रत्येकाचा निकालात स्वार्थ आहे, त्याने दिलेला बरोबर निकालही हरलेल्या बाजूला पटत नाही, आणि येथेच ती बाजू लंगडी पडते.

याची प्रचिती दहा वर्षांनी आली. १९८४मध्ये इंडियानातील आठव्या मतदारसंघाचा असाच वाद प्रतिनिधिगृहापुढे गेला. तेथे फिलिबस्टर नसतो. डेमोक्रॅटांच्या बहुमताने त्यांचे उमेदवार फ्रँक मॅक्लॉस्की यांना चार मतांनी विजयी ठरवले आणि रिपब्लिकन सदस्य सभागृहातून बाहेर पडले. त्या कडवटपणाचे पडसाद पुढे अनेक वर्षे अमेरिकी राजकारणात उमटत राहिले.

पुन्हा मतदारांकडे

जुलैच्या अखेरीस कोंडी फुटली, ती सिनेटमुळे नव्हे तर उमेदवारांमुळे. वायमन यांनी डर्किन यांना पत्र लिहून दोघांनी मिळून नव्या निवडणुकीची मागणी करावी, असे सुचवले. आजवर ती कल्पना धुडकावणारे डर्किन या वेळी राजी झाले. स्वपक्षाच्या नेत्यांनाही हा धक्काच होता. ३० जुलै रोजी सिनेटने ७१ विरुद्ध २१ मतांनी ८ ऑगस्टपासून जागा रिक्त झाल्याचे जाहीर केले. गव्हर्नरांनी मधल्या काळासाठी निवृत्त कॉटन यांनाच परत बोलावून नेमले. अशा रीतीने न्यू हॅम्पशायरला सात महिन्यांनंतर दुसरा सिनेटर मिळाला. तो होता जुनाच.

त्याच ऑगस्टमध्ये दिल्लीत याच्या नेमके उलट घडत होते. २५ जूनला आणीबाणी जारी झाली होती आणि आता संसदेने घटनेची ३९वी दुरुस्ती करून पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयांच्या कक्षेतून काढून टाकला. अलाहाबादचा निर्णय निष्प्रभ ठरवण्याचाही तिचा हेतू होता. ७ नोव्हेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक वैध ठरवली, पण दुरुस्तीतील ते कलम मात्र घटनेच्या मूलभूत चौकटीला धक्का देणारे म्हणून रद्द केले. त्या खटल्यात, निवडणुकीचे वाद विधिमंडळांनीच सोडवण्याची इंग्लंड-अमेरिकेतील परंपरा न्यायमूर्तींपुढे मांडली गेली होती. अमेरिकेचे उदाहरण तेव्हा किती ताजे होते, हे वर आलेच आहे.

न्यू हॅम्पशायरमध्ये मतदान १६ सप्टेंबरला ठरले आणि प्रचाराला राष्ट्रीय रंग चढला. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती आणि तिची पहिली प्राथमिक फेरी याच राज्यात होणार होती. त्यामुळे ज्याला त्याला येथे तोंड दाखवायचे होते. ११ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष फोर्ड स्वतः वायमन यांच्यासाठी राज्यात फिरले. सहाच दिवसांपूर्वी सॅक्रामेंटो येथे त्यांच्यावर पिस्तूल रोखले गेले होते, तरीही त्यांनी हा दौरा रद्द केला नाही.

विशेष निवडणुकीला लोक फिरकत नाहीत, असा सर्वत्र अनुभव आहे. ऑफ-सीझनचे मतदान, एकच जागा, वर्षभर चाललेल्या वादाचा कंटाळा. न्यू हॅम्पशायरच्या मतदारांनी तो अंदाज खोटा ठरवला. १९७४मध्ये सुमारे २ लाख २३ हजार लोकांनी मतदान केले होते. या वेळी ही संख्या २ लाख ६२ हजारांवर गेली. डर्किन यांना १,४०,७७८ आणि वायमन यांना १,१३,००७ मते पडली. वायमन यांच्या पारड्यात मागच्या वेळेपेक्षा दोन हजारांहून अधिक मते आली होती. डर्किन यांची मात्र जवळपास तीस हजारांनी वाढली होती. अंतर सत्तावीस हजारांहून अधिक. या वेळी कोणी फेरमोजणी मागितली नाही. दोन दिवसांत डर्किन यांनी शपथ घेतली.

मोजणीची साधने पालटली, तरी असे प्रसंग संपलेले नाहीत, हे महाराष्ट्राने अगदी अलीकडे पाहिले. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत वायव्य मुंबईत मतदानयंत्रांच्या मोजणीअखेर अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते मिळवल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी ठरले. नऊ लाखांहून अधिक मते या दोघांत वाटली गेली होती. यंत्राने मोजलेल्या मतांत फुलीचा अर्थ लावण्याचा प्रश्न नसतो, पण कोणती टपाली मतपत्रिका बाद ठरली आणि कोणाच्या नावावर आधीच दुसऱ्याने मतदान केले होते, हे प्रश्न माणसांनाच सोडवावे लागतात. कीर्तिकर यांची याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे गेली आणि डिसेंबर २०२४मध्ये ती फेटाळली गेली. लोकसभेने या वादात लक्ष घालावे, असे कोणाच्या मनातही आले नाही. वायकर मात्र पहिल्या दिवसापासून लोकसभेत बसत होते. न्यू हॅम्पशायरप्रमाणे खुर्ची रिकामी राहिली नाही, ही भारतीय पद्धतीची जमेची बाजू. आणि याचिकांना अनेकदा वर्षे लागतात, रायबरेलीच्या याचिकेला चार लागली, ही तिची उणी बाजू.

अमेरिकेतील मूळ कलम जसेच्या तसे आहे. न्यू हॅम्पशायरने मात्र पक्षाच्या रकान्याच्या माथ्यावरचे ते वर्तुळ २००७मध्ये कायद्याने काढून टाकले. तेथील मतदार आजही कागदी मतपत्रिकाच वापरतो आणि प्रत्येक पदासाठी वेगळी खूण करतो. टपालाने किंवा केंद्रावर जाऊन अमेरिकेत मत देणाऱ्या मराठी कुटुंबांना मतपत्रिकेसोबत जो सूचनांचा कागद मिळतो, त्यात खूण कशी करावी आणि चुकल्यास नवी मतपत्रिका कशी मागावी, याविषयीच्या ओळी असतात. अशाच कुठल्या तरी फुल्यांचा वाद त्या ओळींच्या मागे असतो.

वायमन नंतर राज्याच्या न्यायालयात न्यायाधीश झाले. डर्किन यांना सिनेटमध्ये एकच कारकीर्द मिळाली. १९८०मध्ये रिपब्लिकन वॉरन रडमन यांनी त्यांचा पराभव केला. १९७४च्या त्या वादाच्या वेळी रडमन राज्याचे ॲटर्नी जनरल होते, आणि पुढे त्यांची एका संघीय आयोगावरील नेमणूक डर्किन यांनीच रोखून धरली होती. दोघांत सख्य असण्याचे काही कारण नव्हते. तरीही २९ डिसेंबर १९८० रोजी, मुदत संपायला काही दिवस असताना, डर्किन यांनी राजीनामा दिला, जेणेकरून रडमन यांना इतर नव्या सिनेटरांच्या आधी शपथ घेता यावी. कॉटन यांनी सहा वर्षांपूर्वी वायमन यांच्यासाठी जे केले होते, तेच.